सासरेबुवांचं बोट आणि ६५ इंचांचा पडदा

वाचक विचारतात:

"आमच्याकडे २०१० साली घेतलेला ४० इंची एलसीडी टीव्ही आहे. पाठीमागच्या पट्टीवर १६० वॅट असं छापलंय. हल्ली सुरू करताना टक्-टक् आवाज येतो आणि चित्र यायला दोन-तीन मिनिटं लागतात. एकदा आलं की रात्रीपर्यंत ठणठणीत चालतो. मुलगा म्हणतो, हा विजेचा खादाड आहे, नवा ६५ इंची घेऊ, नवे टीव्ही वीज वाचवतात, पर्यावरणालाही बरं. आणि जुना आतल्या खोलीत लावू. सासरेबुवा रोज रात्री टीव्हीचं भिंतीवरचं बटण स्वतः उठून बंद करतात. सेट-टॉप बॉक्सचं मात्र करत नाहीत, कारण मग सकाळी चॅनेल यायला वेळ लागतो. मुलीच्या मते हे सगळंच फिजूल आहे. अर्धा तास ऑनलाइन मालिका पाहिली की सहा किलोमीटर गाडी चालवल्याइतकं प्रदूषण होतं असं तिने कुठेतरी वाचलंय. तिघंही मलाच ऐकवतात आणि ठरवायचंही मीच. आम्ही दिवसाला साधारण चार तास टीव्ही बघतो. खरं कोणाचं?
— तिघांच्या मधली"

ताई,

थोडं थोडं तिघांचंही खरं आहे, आणि तिघांनीही ते चुकीच्या जागी लावलंय. आधी मुलाचं घेऊ, कारण त्याचाच बेत सगळ्यांत मोठा आहे.

तुमचा टीव्ही नव्यापेक्षा जास्त वीज खातो, यात मुलगा चुकत नाही. पाठीवरच्या १६० वॅटना घाबरू नका. तो वरचा आकडा असतो, आवाज-उजेड सगळं पूर्ण ताणलं तर लागेल तो. रोजच्या वापरात तुमचा संच १२०-१३० वॅटच्या घरात असेल. २०१० च्या सुमाराच्या बहुतेक एलसीडींच्या पोटात पडद्यामागे पेन्सिलीहून बारीक अशा ट्यूब ओळीने बसवलेल्या असायच्या, आणि चित्राला लागणारा सगळा उजेड त्या देत. पुढे त्यांच्या जागी एलईडींच्या पट्ट्या आल्या आणि वीज जवळपास निम्म्यावर आली. आज तुमच्याच मापाचा, म्हणजे ४०-४३ इंची, साधा एलईडी टीव्ही ५० ते ७० वॅटमध्ये चालतो. त्याआधीचा प्लाझ्मा आठवतो का? ४२ इंचांना २०० ते ३०० वॅट घ्यायचा आणि पाठीला हात लावला तर चटका बसायचा. तुमच्याकडे प्लाझ्मा असता तर हे पत्र मी चार ओळींत संपवलं असतं: बदला.

पण मुलगा ४३ इंची मागत नाहीये. तो ६५ म्हणतोय, आणि इथे हिशेब फिरतो.

टीव्हीचे इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजतात. त्यामुळे ४० चे ६५ झाले की कानाला दीडपट-पावणेदोनपट वाटतं. उजेड मात्र सगळ्या क्षेत्रफळावर पसरायचा असतो, आणि ते वाढतं वर्गाने. ६५ इंचांचा पडदा ४० इंचांच्या पडद्याच्या २.६ पट आहे. म्हणजे तुमच्या भिंतीवर तुमच्या आताच्या टीव्हीएवढे अडीचहून जास्त टीव्ही लागणार. दर चौरस इंचाला वीज निम्मी झाली, चौरस इंच अडीचपट झाले. आता तुम्हीच सांगा काय वाचलं.

आकड्यांत बघू. तुमचा जुना १३० वॅट धरला तर दिवसाला चार तासांप्रमाणे वर्षाचे होतात १९० युनिट. नवा ४३ इंची, ६० वॅटचा, ८८ युनिटमध्ये भागवेल. साधा ६५ इंची १२० वॅट घेईल आणि १७५ युनिटवर जाईल. शंभर युनिट वाचणार होते, वाचले पंधरा. आणि तेही चित्राचा मोड सौम्य ठेवला तर. मुलाने हौसेने एचडीआरचे (म्हणजे उजेड-अंधारातला फरक जास्त ठळक दाखवणारे) चित्रपट लावले, उजेड शेवटापर्यंत चढवला, की तोच पडदा १८० वॅट ओढू लागतो आणि वर्षाचा आकडा २६० च्या पुढे. म्हणजे जुन्या 'खादाडा'पेक्षा जास्त.

मग टीव्हीच्या लेबलावरचे ते वीजबचतीचे तारे खोटे का? खोटे नाहीत, पण ते वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतात. अशा खुणा बहुधा पडद्याचं माप लक्षात घेऊन दिलेल्या असतात: एवढ्या मोठ्या पडद्याच्या मानाने हा संच काटकसरी आहे की उधळ्या. त्यामुळे चांगल्या दर्जाचा मोठा टीव्ही सामान्य दर्जाच्या लहान टीव्हीपेक्षा कितीतरी जास्त वीज खाऊ शकतो, आणि लेबल मात्र त्याच्याच गळ्यात हार घालतं. युरोपात १ मार्च २०२१ रोजी टीव्हीच्या लेबलाची फूटपट्टी बदलली. तोवर ए च्या पुढे अधिकची चिन्हं मिरवणारे संच एका दिवसात एफ आणि जी या तळाच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. यंत्र तेच होतं, फक्त मोजणाऱ्याने डोळे वटारले. त्या नव्या लेबलावर एक गोष्ट मात्र फार चांगली केली आहे: हजार तासांना किती युनिट लागतील ते दोनदा छापतात, साध्या चित्रासाठी वेगळं आणि एचडीआरसाठी वेगळं. तुम्ही कुठलाही टीव्ही बघायला गेलात तर तारे मोजू नका, वॅट विचारा. आणि एचडीआरचे वॅट वेगळे विचारा. विकणाऱ्याचा चेहरा थोडा पडेल, पडू द्या.

आता हा उजेड जातो कुठे ते सांगतो, कारण तुमच्या हातात असलेली सगळ्यांत मोठी बचत तिथे आहे आणि तिच्यासाठी नवं काहीच घ्यावं लागत नाही.

एलसीडी पडदा स्वतः उजेड पाडत नाही. मागे दिवे सतत जळत असतात आणि पुढचं पॅनेल त्यांचा उजेड अडवून चित्र तयार करतं. पहिली पारदर्शक पट्टी निम्मा उजेड गिळते. लाल-हिरवे-निळे रंग गाळणारा थर उरलेल्यातला दोन-तृतीयांश खातो. मग पॅनेलमधल्या बारीक तारा, ट्रान्झिस्टर, आणखी थर. मागच्या दिव्यांच्या उजेडातला जेमतेम पाच टक्के तुमच्या डोळ्यांपर्यंत येतो. बाकीचा आत मुरतो आणि उष्णता होतो. पडद्यावर काळोखी रात्र दिसत असते तेव्हाही साध्या संचात मागे लख्ख दिवाळी चालू असते. फक्त पुढची दारं बंद असतात. महागड्या संचांत दिव्यांचे गट करून काळ्या भागापुरते ते मंद करतात, त्याने थोडं वाचतं. ओएलईडीची तऱ्हा निराळी. तिथे प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो, काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका. अंधाऱ्या चित्रपटाला तो मोजकीच वीज घेतो, पण पांढऱ्याशुभ्र पार्श्वभूमीवरच्या बातम्या किंवा बर्फातले खेळ लावलेत की त्याचीही भूक खवळते.

हे मी इतकं लांबण लावून सांगतोय त्याचं कारण, मागचे दिवे थोडे उतरवले की वीज लगेच उतरते, आणि डोळ्याला त्याचा पत्ताही फारसा लागत नाही. आपला डोळा उजेड सरळ हिशेबाने मोजत नाही. उजेड निम्मा झाला तरी त्याला 'जरासं मंद' एवढंच वाटतं, आणि दहा मिनिटांत तेही विसरतो. नवा टीव्ही खोक्यातून निघताना बहुतेक वेळा भडक असतो. दुकानातल्या झगमगाटात शेजारच्या संचाला हरवायचं असतं ना त्याला. घरी आणल्यावर सुरुवातीलाच तो विचारतो, घरी वापरणार की दुकानात, आणि घाईत माणूस काहीही दाबतो. मी आजवर जितक्या घरांत टीव्ही उघडले, त्यांतल्या निम्म्याअधिक घरांत तो 'व्हिव्हिड' नाहीतर 'डायनॅमिक'वर होता आणि घरातलं कोणीतरी डोळे दुखतात म्हणून तक्रार करत होतं. तो 'सिनेमा' किंवा 'मूव्ही'वर आणा. पहिल्या दिवशी चित्र पिवळट वाटेल. चौथ्या दिवशी जुनं भडक वाटेल. एवढ्याने वीज चाळीस टक्क्यांपर्यंत उतरलेली मी मीटरवर पाहिली आहे.

यात एक गोम आहे. बऱ्याच संचांत 'ब्राइटनेस' नावाचं जे सेटिंग असतं ते दिव्यांचं नसतंच. ते काळा रंग किती काळा दिसावा ते ठरवतं. ते कमी केलंत तर चित्राचा अंधार होतो आणि वीज तेवढीच जाते. तुम्हाला हवं ते 'बॅकलाइट'. तुमच्या जुन्या संचातही ते असणार. ते शंभरावर असेल तर साठावर आणून बघा. दुसरी गोम अशी की चित्राचा मोड बदलला की वीज वाचवणारी सेटिंग्ज काही संच गुपचूप बंद करतात. २०१६ साली अमेरिकेतल्या एनआरडीसी या पर्यावरण संस्थेने नेमकं हेच उघडकीला आणलं होतं: चाचणीच्या वेळी चालू असणारी बचत, वापरणाऱ्याने चित्राला हात लावताच न सांगता बंद. म्हणून मोड बदलून झाला की 'एनर्जी सेव्हिंग'मध्ये पुन्हा एकदा डोकावायचं, आणि खोलीतल्या उजेडाप्रमाणे पडदा मंद करणारा सेन्सर चालू आहे ना ते बघायचं.

युरोपने २०२३ पासून आणखी एक मर्यादा घातली, त्यात आठ-के, म्हणजे पडद्यावर कितीतरी जास्त ठिपके असलेले टीव्ही सापडले. ठिपके जितके जास्त, तितक्या पॅनेलवर तारा आणि ट्रान्झिस्टर जास्त, उजेडाला वाट कमी, म्हणून मागचे दिवे जोरदार लागतात. कंपन्यांनी काय केलं, तर तोच संच कारखान्यातून मंद सेटिंगवर पाठवायला सुरुवात केली. नियम पाळला गेला. वापरणारा घरी गेल्यावर दोन बटणं दाबून सगळं पूर्ववत करू शकतो, ही गोष्ट वेगळी.

आता सासरेबुवा.

त्यांना हसू नका. त्यांची सवय ज्या काळात लागली त्या काळात ती अगदी रास्त होती. जुना डबा टीव्ही रिमोटने बंद केला तरी आतून पाच-दहा वॅट खात बसायचा. हा गळका नळ जगभर इतका वाढला की १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने 'एक वॅट' नावाची मोहीमच हाती घेतली: नुसतं वाट बघत बसलेल्या यंत्राने एका वॅटहून जास्त खायचं नाही. ती बऱ्यापैकी यशस्वी झाली. आज साध्या स्टँडबायला टीव्ही अर्धा वॅट किंवा त्याहून कमी घेतो. दिवसाचे वीस तास, वर्षभर धरलं तरी चार युनिटसुद्धा भरत नाहीत. तुमचा २०१० चा संचही फार तर वॅटभर घेत असेल. म्हणजे सासरेबुवा रोज रात्री उठतात ते वर्षाच्या सात-आठ युनिटसाठी.

आणि ज्याचं बटण ते सोडून देतात, तो सेट-टॉप बॉक्स? रिमोटने 'बंद' केल्यावर बहुतेक बॉक्स फक्त समोरचा दिवा बदलतात. आत सगळं चालूच असतं. दहा-पंधरा वॅट. १२ धरले तर न पाहण्याच्या वीस तासांचे वर्षाला ८८ युनिट होतात. नव्या ४३ इंची टीव्हीला वर्षभर चित्र दाखवायला जेवढी वीज लागते, बरोबर तेवढी. कोणी काहीच बघत नसताना! बोट बरोबर आहे हो त्यांचं, बटण तेवढं चुकलंय. सकाळी चॅनेल यायला दोन मिनिटं लागतात ही अडचण खरी आहे. पण जो माणूस रोज रात्री आठवणीने उठतो, तो सकाळी उठल्याउठल्या बॉक्स चालू करून तोंड धुवायला जाऊ शकतो. रात्री बॉक्सवर काही रेकॉर्डिंग लावत असाल तर मात्र ही युक्ती जमणार नाही.

मुलालाही इथेच एक गोष्ट बजावून ठेवा. नव्या स्मार्ट टीव्हीत 'क्विक स्टार्ट' किंवा 'इन्स्टंट ऑन' अशा नावाची सोय असते. दहा-पंधरा सेकंद वाचावेत म्हणून टीव्ही पूर्ण झोपतच नाही. काही संच त्यापायी १५-२० वॅट घेत राहतात. १५ च्या हिशेबाने वर्षाचे ११० युनिट. एलईडीने जी शंभर युनिट वाचवून दिली असती ती या एका सोयीत गेली, वर दहा पदरचे. भिंतीवर चित्राची चौकट म्हणून रात्रंदिवस निसर्गदृश्य दाखवणारे टीव्ही निघाले आहेत, त्यांच्याबद्दल मी इथे बोलत नाही, नाहीतर पत्र लांबेल. (आणि पुढेमागे ओएलईडी घेतलाच तर सासरेबुवांना आधी सांगा: बंद केल्याकेल्या त्याचं भिंतीवरचं बटण दाबायचं नाही. काही तासांच्या वापरानंतर तो स्टँडबायमध्ये ठिपक्यांची डागडुजी करतो. वीज तोडली तर ती राहून जाते.)

मुलीने वाचलेली गोष्ट मला ठाऊक आहे, आणि तिचा शेवट तिच्यापर्यंत पोचलेला नाही. २०१९ मध्ये फ्रान्समधल्या द शिफ्ट प्रोजेक्ट या संस्थेच्या हवाल्याने बातम्या पसरल्या की अर्धा तास व्हिडिओ म्हणजे १.६ किलो कार्बन डायऑक्साइड, सहा किलोमीटर गाडी. पुढे दुसऱ्या अभ्यासकांनी गणित तपासलं तेव्हा कळलं की त्यात बिट आणि बाइट यांची गल्लत झाली होती. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे एका फटक्यात आठपट फुगवटा. बाकीची गृहीतकंही सढळ होती. संस्थेने चूक मान्य केली. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या सुधारित हिशेबात तासाला सुमारे ३६ ग्रॅम आले, म्हणजे गाजलेल्या आकड्याचा नव्वदावा हिस्सा. पण चूक जितकी फिरते तितकी दुरुस्ती फिरत नाही.

त्या विश्लेषणातला मुलीला दाखवण्यासारखा भाग दुसराच आहे. ऑनलाइन बघण्यात जी वीज जाते तिच्यातली ७० टक्क्यांच्या वर आपल्या समोरच्या यंत्रात जाते. दूरची ती संगणकांची गोदामं आणि मधल्या तारा मिळून उरलेली. तिथेच दिलंय की ५० इंची एलईडी टीव्ही फोनच्या सुमारे शंभरपट आणि लॅपटॉपच्या पाचपट वीज घेतो. तेव्हा मालिका ऑनलाइन बघितली की केबलवर, यापेक्षा ती केवढ्या पडद्यावर बघितली हा प्रश्न मोठा. तुमच्या जुन्या संचाला इंटरनेट नाही म्हणून मुलगा कुरकुरत असेल, तर टीव्हीच्या पाठीत खोचून ऑनलाइन कार्यक्रम दाखवणारी जी काडी (स्ट्रीमिंग स्टिक) मिळते ती दोन-तीन वॅट घेते. त्याच कामासाठी खेळांचा कन्सोल चालू ठेवला तर तो त्याच्या वीसपट घेऊ शकतो. आणि घरात कोणी नुसती गाणी ऐकायला टीव्ही लावून ठेवत असेल, तर बऱ्याच संचांत फक्त चित्र बंद करायची सोय असते. ती शोधा.

इथपर्यंत विजेचं झालं. मला खरं म्हणजे मुलाशी बोलायचंय ते टीव्ही कारखान्यातून निघायच्या आधीबद्दल, कारण त्याच्या 'पर्यावरणालाही बरं' या वाक्यात ते कुठेच नाही.

पॅनेलची काच ही साधी काच नव्हे. तिच्यावर निर्वात पेट्यांमध्ये पदार्थांचे अतिपातळ थर चढवतात. ते थर काचेबरोबर पेटीच्या भिंतींवरही बसतात, आणि पेटी दर थोड्या वेळाने घासावी लागते. घासायला हात नाही, वायू वापरतात: नायट्रोजन ट्रायफ्लोराइड. गंमत अशी, की आधी वापरात असलेल्या वायूंपेक्षा हा बरा म्हणून तो आणला होता, कारण बहुतेक वायू वापरतानाच मोडून जातो. पण जो थोडा निसटतो तो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे सतरा हजार पट उष्णता धरून ठेवतो, आणि हवेत शेकडो वर्षं टिकतो. १९९७ चा क्योटो करार झाला तेव्हा त्याचं नावही यादीत नव्हतं. एवढासा वायू, कोण विचारतो. मग सपाट पडद्यांची लाट आली. २००८ मध्ये स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हवेचे नमुने तपासले, तर जेवढा असेल असा अंदाज होता त्याच्या चौपटीहून जास्त निघाला. २०१२ मध्ये दोह्याच्या परिषदेत त्याला यादीत घेतलं. पुष्कळ कारखाने आता गळती धरून जाळतात, हेही सांगितलं पाहिजे.

त्यात पडद्यातून वीज खेळवणारा पारदर्शक थर, ज्याला इंडियम लागतं, आणि इंडियम मुख्यतः जस्ताच्या खाणींच्या मागोमाग थोडंथोडं मिळतं. त्यात बोर्डांवरचं तांबं, सोनं, प्लास्टिक, त्या प्लास्टिकला आग लागू नये म्हणून घातलेली रसायनं. मोठा टीव्ही तुमच्या घरात पहिल्यांदा चालू होतो तेव्हा त्याच्या नावावर काहीशे किलो कार्बन डायऑक्साइड आधीच मांडलेला असतो.

आता हा आकडा मघाच्या विजेशेजारी ठेवा. जगाची सरासरी धरली तर एका युनिटमागे अर्ध्या किलोच्या किंचित खाली कार्बन डायऑक्साइड निघतो. त्याच मापाचा नवा संच घेऊन वर्षाला शंभर युनिट वाचवलीत तर पन्नासेक किलो वाचले. म्हणजे बनवतानाचं कर्ज फिटायला चार-सहा वर्षं. फिटेल तरी. ६५ इंचीने पंधरा युनिट वाचवलीत तर वर्षाला सात किलो, आणि त्याचं कर्जही मोठं. तो टीव्ही ते फेडेपर्यंत मुलाला नातवंडं झालेली असतील.

जुना आतल्या खोलीत लावायची कल्पना मात्र पहिल्यांदा खोडा. बचतीसाठी नवा आणायचा आणि खादाड म्हणून बाहेर काढलेला पुन्हा आत चालू करायचा, हे कुठलं गणित? घरात दोन पडदे आले की दोन कार्यक्रम सुरू होतात. दोन्ही आकड्यांची बेरीज करून मुलाच्या पुढ्यात ठेवा, मी काही बोलत नाही.

तर टक्-टक्. हे दुखणं मला इतकं ओळखीचं आहे की पत्र वाचताना आवाज ऐकू आला. त्या काळातल्या संचांच्या पॉवर सप्लाय बोर्डावरचे कंडेन्सर, म्हणजे वीज साठवून पुरवणारी छोटी नळकांडी, वयानुसार फुगतात. वरचं सपाट टोपण टपोरं होतं. मग सुरू होताना व्होल्टेज पुरेसं चढत नाही, बोर्ड प्रयत्न करतो, सोडतो, पुन्हा करतो, म्हणून ती टक्-टक्. गरम झाल्यावर कंडेन्सर कसाबसा सावरतो आणि चित्र येतं. टीव्हीतल्या सगळ्यांत स्वस्त दुरुस्त्यांपैकी ही एक. पॅनेल शाबूत आहे, मागचे दिवे शाबूत आहेत. बिघडलाय तो बोटाएवढा भाग. जाणकार मेकॅनिककडे न्या आणि 'कंडेन्सर बदलून द्या, बोर्ड नको' असं स्पष्ट सांगा, नाहीतर अख्खा बोर्ड गळ्यात मारतील. घरी कोणी उघडू नका, मुलगा कितीही व्हिडिओ बघून तयार झाला तरी. वायर काढल्यावरही त्या बोर्डावरचा मोठा कंडेन्सर काही वेळ झटका देण्याइतका भरलेला असतो. आणि चालढकल करू नका. असाच ओढत राहिलात तर एक दिवस तो बोर्डालाही घेऊन जाईल.

तेव्हा माझं मत विचारलंत तर: दुरुस्त करा, बॅकलाइट उतरवा, मोड बदला, बॉक्सचं बटण रात्री बंद, आणि काडी लावून द्या. उजेड उतरवल्याने दिव्यांचं आयुष्यही वाढेल.

पॅनेललाच काही झालं, पडद्यावर उभ्या रेघा आल्या, तर मग दुरुस्तीत अर्थ नाही. तेव्हा नवा घ्या, ४३ घ्या. बसायची जागा लांब असेल आणि उपशीर्षकं खरंच वाचता येत नसतील तर ५० पर्यंत जा. त्यापुढे जायचं तर हौस म्हणून जा, पर्यावरणाचं नाव लावू नका. हौसेत काही पाप नाही. सुटे भाग किती वर्षं मिळतील तेही विचारा; युरोपात मॉडेल बाजारातून गेल्यावरही सात वर्षं भाग पुरवणं कंपनीला बंधनकारक आहे, म्हणजे ते अशक्य नाही हे समोरच्याला माहीत असतं.

आणि जुना देताना जपून द्या. त्या बारीक ट्यूबांमध्ये प्रत्येकी काही मिलिग्रॅम पारा आहे, आणि तुमच्या संचात अशा डझनभर तरी असतील. भंगारात गेला तर कोणीतरी तांब्यासाठी तो फोडणार आणि पारा त्याच्या श्वासात जाणार. ई-कचरा रीतसर घेणाऱ्या अधिकृत केंद्रातच द्या, काच फुटू न देता. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला पावभागही रीतसर प्रक्रियेपर्यंत पोचल्याची नोंद नाही. तुमचे पंधरा किलो तरी नोंदीत जाऊ देत.

एक शेवटचं काम सांगतो. प्लग आणि टीव्हीच्या मध्ये लावायचं छोटं वॅट-मीटर मिळतं. विकत नको, कुणाकडून मागून आणा. आधी टीव्हीला लावा, मग 'बंद' बॉक्सला. बॉक्सचा आकडा सासरेबुवांना स्वतः वाचू द्या, तुम्ही काही बोलू नका. टीव्हीचा आकडा मला कळवा. माझा अंदाज १२५ चा आहे. फार चुकलो असेन तर वरची गणितं याच सदरात पुन्हा करून देईन.